सुपरचार्जरवाल्या पिकअप ट्रकमध्ये फ्यूएल प्रेशर कमी पडतं तेव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत जुना पिकअप ट्रक घेऊन त्यावर स्वतः काम करणारे मराठी मित्र बरेच आहेत. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र. ते असलेल्या ट्रकबद्दल त्यांचे प्रश्न शेवटी एकाच जागी येऊन थांबतात : पूर्ण रेस दिली की इंजिनाला पेट्रोल पुरत नाही, आणि पंप बदलून झाला तरी दुखणं तसंच राहतं. ही उत्तरं त्यांच्यासाठी आहेत.

उदाहरणं मुख्यतः फोर्ड एफ-१५० ची घेतली आहेत. १९९९ ते २००४ ची एसव्हीटी लाइटनिंग, तिच्याच धर्तीचं सुपरचार्जरवालं इंजिन असलेली २००२-०३ ची हार्ली-डेव्हिडसन आवृत्ती, आणि २००४ ते २००८ चे ५.४ लिटर थ्री-व्हॉल्व्ह (दर सिलिंडरला तीन व्हॉल्व्ह) ट्रक, ज्यांच्यावर नंतर सुपरचार्जरचा किट चढवलेला असतो. २०२२ पासून निघालेली एफ-१५० लाइटनिंग पूर्ण विजेवर चालते, तिचा इथे संबंध नाही.

प्रेशर कमी पडतंय हे गाडी चालवताना कसं कळतं?

गावात काहीच कळत नाही. आयडल सुरेख असतं, सिग्नलवरून गाडी व्यवस्थित सुटते. हायवेच्या रॅम्पवर पेडल तळाला लावलं, बूस्ट म्हणजे सुपरचार्जरनं वाढवलेला हवेचा दाब भरला, आरपीएम चार हजारांच्या पुढे गेले, की गाडी ओढायची थांबते. कुणीतरी मागून धरल्यासारखी ती जागच्या जागी अडते किंवा झटके मारते. कधी मिस मारल्याचा आवाज येतो, कधी बारीक खडखड म्हणजे नॉकिंग ऐकू येतं. काही ट्रकमध्ये याच्या जोडीला सकाळी स्टार्टर लांबवर मारावा लागतो.

स्कॅनर लावला तर पी०१७१ आणि पी०१७४ म्हणजे सिलिंडरच्या दोन्ही बँक (रांगा) लीन, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी, किंवा थेट पी००८७ म्हणजे रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) प्रेशर कमी, असे कोड मिळू शकतात. पण कोड नाही म्हणजे दुखणं नाही असं समजू नका. पूर्ण रेसमधला प्रकार चार-पाच सेकंदांत घडून जातो, आणि तेवढ्या वेळात कॉम्प्युटर कोड टाकेलच असं नाही.

असं असताना गाडी चालवत राहिलं तर चालेल का?

हळू चालवून घरी किंवा गॅरेजला नेता येते. बूस्टमध्ये अजिबात न्यायची नाही. यात मी कुणालाही सवलत देत नाही.

साध्या इंजिनात मिश्रण लीन झालं तर बहुधा ताकद कमी होते, एवढंच. इथे सिलिंडरमध्ये दाबून भरलेली हवा असते. पेट्रोल कमी पडलं की ज्वलनाचं तापमान वाढतं, नॉकिंग सुरू होतं आणि पिस्टनच्या रिंगांमधला धातूचा काठ तुटतो. लाइटनिंगचं इंजिन सुपरचार्जर धरूनच बांधलेलं आहे, तिचा कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) ८.४ आहे. थ्री-व्हॉल्व्ह इंजिनाचा मात्र ९.८ आहे, कारण ते मुळात सुपरचार्जरसाठी नव्हतंच. वरून किट चढवलेल्या अशा ट्रकमध्ये चुकीला जागा फारच थोडी असते.

सुपरचार्जर नसलेल्या ट्रकमध्येही पंप कमजोर होतो. इथे वेगळं काय?

हे एकदा नीट समजून घेतलं की पुढची सगळी तपासणी सोपी जाते, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

इंजेक्टरमधून किती पेट्रोल पडणार हे त्याच्या दोन टोकांमधल्या दाबाच्या फरकावर ठरतं. एका टोकाला रेल, दुसऱ्या टोकाला इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणारा भाग. समजा रेलमध्ये ४० पीएसआय (दाबाचं एकक) आहे आणि मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्या हवेइतकाच दाब आहे, तर फरक ४० चा. लाइटनिंगचा ईटन एम११२ सुपरचार्जर कारखान्यातून आला तसा असेल तर साधारण ८ पीएसआय बूस्ट देतो. तो भरला आणि रेल ४० वरच राहिली, तर फरक उरतो ३२ चा. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे पेट्रोल साडेदहा टक्क्यांनी घटतं. छोटी पुली बसवून बूस्ट १२ वर नेला तर फरक २८ चा राहतो आणि पेट्रोल १६ टक्क्यांनी घटतं. आणि हे घडतं नेमकं सिलिंडरमध्ये सगळ्यात जास्त हवा जात असताना.

म्हणून बूस्ट जितका वाढेल तितकंच रेलचं प्रेशरही वाढलं पाहिजे. ८ ला ४८, १२ ला ५२. आता पंपाची बाजू पाहा. कुठलाही पंप जास्त दाबाविरुद्ध ढकलू लागला की कमी पेट्रोल देतो. म्हणजे इंजिन जास्त मागतं, जास्त दाबानं मागतं, आणि त्याच वेळी पंपाची देण्याची ताकद उतरते. साध्या ट्रकमध्ये आणखी काही वर्षं निभावून गेला असता तो पंप, फिल्टर किंवा वायर इथे आधी उघडं पडतं.

आयडलला गेज बरोबर दाखवतो. मग पंप ठीक आहे ना?

त्यावरून काहीच ठरत नाही. आयडलला इंजिन इतकं थोडं पेट्रोल पितं की अर्धमेला पंपही ते पुरवतो.

माझ्या ट्रकला किती प्रेशर असायला हवं?

आकडा त्या वर्षाच्या, त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यायचा. किट चढवलेला असेल तर किटवाल्यानं आणि ट्यून करणाऱ्यानं, म्हणजे कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणाऱ्यानं, कुठलं बेस प्रेशर (बूस्ट किंवा व्हॅक्यूम नसतानाचं रेलचं प्रेशर) धरलंय तेही विचारायचं. वर मी ४० चा आकडा हिशेबापुरता घेतला आहे.

गेज वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाखवतो. आयडलला मॅनिफोल्डमध्ये २० इंच व्हॅक्यूम असेल तर तो जवळपास १० पीएसआय होतो. त्यामुळे ४० बेसवाला, व्हॅक्यूमची नळी लावलेला रेग्युलेटर (रेलचं प्रेशर ठरवणारा भाग) आयडलला ३० च्या आसपास दाखवेल आणि ते अगदी बरोबर असेल. नळी काढून टोक बंद केलं की काटा ४० वर चढला पाहिजे. तो चढतो की नाही, हीच रेग्युलेटरची पहिली तपासणी. काढलेल्या नळीच्या टोकाला पेट्रोलचा वास किंवा ओल असेल तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय. पुढे तपासत बसू नका, आधी तो बदला.

रिटर्नवाली आणि रिटर्नलेस सिस्टीम कशी ओळखायची?

रेलपासून टाकीकडे परत जाणारी दुसरी लाइन असेल आणि रेलवर रेग्युलेटर असेल तर रिटर्नवाली. रेलला एकच लाइन येत असेल आणि रेलवर तारांचा सेन्सर बसवलेला असेल तर इलेक्ट्रॉनिक रिटर्नलेस. २००४ ते २००८ च्या एफ-१५० मध्ये दुसरा प्रकार आहे. त्यात कॉम्प्युटर सेन्सरकडून प्रेशर वाचतो आणि एका ड्रायव्हर मॉड्यूलमार्फत पंपाचा वेग कमी-जास्त करतो. जुन्या ट्रकवर आधीच्या मालकानं सिस्टीम बदललेली असू शकते, म्हणून पुस्तकावर भरवसा ठेवण्यापेक्षा बॉनेट उघडून लाइन मोजा.

गेज कसा लावायचा? पेट्रोलची भीती वाटते.

भीती वाटते ते चांगलं आहे. इंजिन थंड असू दे. पंपाचा रिले किंवा फ्यूज काढून इंजिन सुरू करा, ते आपोआप बंद पडेल, मग दोन-तीनदा स्टार्टर मारा. त्या काळातल्या फोर्डमध्ये अपघातात पंप बंद करणारा इनर्शिया स्विच पुढच्या प्रवासी सीटच्या पायाशी बाजूच्या पॅनेलमागे असतो. त्याचा कनेक्टर काढूनही हेच काम होतं. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह काढायची. रेलवर टायरच्या व्हॉल्व्हसारखा टेस्ट व्हॉल्व्ह असेल तर त्यावर चिंधी धरून गेज बसवा. नसेल तर लाइनमध्ये बसणारा टी-अडॅप्टर लागतो. सांधा आवळल्यावर काढलेलं सगळं आणि बॅटरी परत जोडा, मग चावी ऑन करून, इंजिन सुरू न करता, टॉर्चनं सगळ्या जोडांवरून नजर फिरवा. पेट्रोलच्या आगीवर चालणारं अग्निशामक हाताशी हवं. शटर पाडलेल्या गॅरेजमध्ये हे काम करू नका.

रस्त्यावर चालवताना गेज दिसायला हवा म्हणून काहीजण नळी खिडकीतून आत घेतात. पेट्रोल भरलेली नळी केबिनमध्ये कधीही आणायची नाही. लांब नळीचा गेज बाहेरून विंडशील्डवर वायपरपाशी टेपनं घट्ट बांधा, किंवा रेलवर इलेक्ट्रिक सेंडर बसवून आत फक्त तार घ्या. मला दुसरा मार्ग पसंत आहे, कारण तो कायमचा बसवता येतो.

रस्त्यावरच्या चाचणीत नेमकं काय पाहायचं?

आधी वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर (हवा-इंधन गुणोत्तर आकड्यात दाखवणारा) असल्याशिवाय ही चाचणी करू नका. सुपरचार्जरवालं पेट्रोल इंजिन पूर्ण रेसमध्ये साधारण साडेअकरा ते बाराच्या हवा-इंधन गुणोत्तरावर चालवतात. आकडा तेराकडे सरकू लागला की त्याच क्षणी पाय काढायचा. गेज पाहायला शेजारी माणूस हवा, चालवणाऱ्यानं रस्ताच पाहायचा. जागा मोकळी आणि कायदेशीर हवी. डायनो (गाडी जागेवरच रोलरवर चालवून ताकद मोजणारं यंत्र) मिळत असेल तर फारच उत्तम.

आता काट्याची चाल पाहा. बूस्ट भरताना काटा बरोबरीनं वर गेला, पण आरपीएम वाढत गेले तसा हळूहळू खाली यायला लागला, तर रेग्युलेटरचं काम ठीक आहे आणि पुरवठा कमी पडतोय. पंप, फिल्टर, व्होल्टेज या तिघांत शोध घ्यायचा.

बूस्ट भरला तरी काटा बेसवरून हललाच नाही, तर रेग्युलेटरला किंवा सेन्सरला बूस्टची खबरच पोचत नाही. इथे एक फसवी जागा आहे. लाइटनिंगसारख्या रचनेत थ्रॉटल आधी आणि सुपरचार्जरचे रोटर त्याच्यामागे असतात. या दोहोंच्या मधल्या पोकळीत व्हॅक्यूम मिळतो, बूस्ट मात्र कधीच मिळत नाही. कुणी रेग्युलेटरची नळी तिथल्या टोकाला जोडली असेल तर आयडलला सगळं अगदी पुस्तकाप्रमाणे दिसतं आणि पूर्ण रेसला इंजिन उपाशी राहतं. नळी रोटरच्या पुढे, मॅनिफोल्डच्या बाजूलाच हवी. फोर्डच्या रिटर्नलेस रेलवरच्या सेन्सरलाही अशीच बारीक नळी असते. ती वाळून चिरली किंवा निसटली तर कॉम्प्युटर बाहेरच्या हवेशी तुलना करून प्रेशर बरोबर आहे असं समजतो आणि पंपाला जास्त काम सांगत नाही. दोन डॉलरच्या रबरी नळीसाठी लोकांनी टाकी उतरवलेली असते.

काटा थरथरत असेल तर पंप हवा ओढतोय : टाकीत पेट्रोल कमी आहे, किंवा टाकीतल्या पंपावरची छोटी नळी चिरली आहे. आणि काटा जिथे हवा तिथे असून वाइडबँड लीन दाखवत असेल, तर प्रेशरचा नाद सोडून इंजेक्टर, एअरफ्लो सेन्सर आणि ट्यून यांच्याकडे वळा.

गेज नाही, नुसत्या स्कॅनरवर भागेल का?

अर्धं काम होतं. लाँग टर्म फ्यूएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोलमध्ये सतत किती टक्के वाढ किंवा घट करतोय तो आकडा, पाहा. आयडलला ट्रिम खूप अधिक आणि आरपीएम वाढवल्यावर शून्याकडे येत असेल तर बहुधा कुठून तरी हवा गळतीनं आत येतेय. आयडलला ठीक आणि लोडवर वाढत जात असेल तर पेट्रोल कमी पडतंय, किंवा मळलेला एअरफ्लो सेन्सर हवा कमी मोजतोय. या दोघांत फरक स्कॅनरवर सहज कळत नाही, गेजवर लगेच कळतो. तेलकट एअर फिल्टर वापरणाऱ्यांनी हा सेन्सर आधी त्याच्यासाठीच्या क्लीनरनं धुऊन घ्यावा. पूर्ण रेसमध्ये कॉम्प्युटर ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून ताबडतोब दुरुस्ती करत नाही, त्यामुळे तिथली ट्रिम पाहून निष्कर्ष काढू नका.

फोर्डच्या रिटर्नलेस ट्रकमध्ये स्कॅनरवर पंपाची ड्यूटी सायकलही (कॉम्प्युटर पंपाकडून मागतो त्या कामाचा टक्का) दिसते, आणि ती वाचायची पद्धत जरा वेगळी आहे. कॉम्प्युटरनं ५० टक्के सांगितलं म्हणजे मॉड्यूल पंपाला पूर्ण ताकदीनं चालवतं. अर्धी ताकद शिल्लक आहे असा अर्थ घेतला की सगळी तपासणी चुकीच्या वाटेनं जाते. पूर्ण रेसला ड्यूटी ५० ला टेकली आणि तरी प्रेशर खाली येतंय, तर कॉम्प्युटर आपलं काम करतोय आणि दोष त्याच्या पुढे आहे. ड्यूटी तिशीतच रेंगाळते आणि प्रेशर मात्र कमी, तर सेन्सर, त्याची नळी आणि ट्यून पाहा.

पंपाला १२ व्होल्ट येतायत हे मी मोजलंय. वायरिंग ठीक म्हणायचं ना?

कनेक्टर काढून मोजले असतील तर ते मोजमाप निरुपयोगी आहे. पंप जोडलेला नसताना तारेतून करंटच जात नाही, मग एकच धागा शिल्लक असलेली तारसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवते. ओहममीटरही अशी तार शून्य ओहम म्हणून पास करतो.

मोजायचं ते पंप जोडलेला असताना, लोडवर. टाकीच्या कनेक्टरमध्ये मागच्या बाजूनं बारीक पिना सरकवून तारा केबिनपर्यंत आणा. आधी बॅटरीची पॉझिटिव्ह आणि पंपाची पॉझिटिव्ह यांच्यातला फरक पूर्ण रेसमध्ये वाचा, मग पंपाची निगेटिव्ह आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यातला. दोन्ही मिळून एक व्होल्टच्या वर गेलं तर मी पंपाला हात लावत नाही, आधी तारा पाहतो. रिटर्नलेसमध्ये पंपाला वीज तुकड्या-तुकड्यांनी जाते. आयडलला मल्टिमीटरवर दिसतो तो त्यांचा सरासरी आकडा, म्हणून तिथेही पूर्ण रेसचंच मोजमाप धरायचं.

दोष अनेकदा अर्थिंगमध्ये सापडतो. चासीवर बोल्टनं बसवलेलं अर्थचं टर्मिनल काढलं की खाली रंगाचा आणि गंजाचा थर दिसतो. पॉलिश पेपरनं धातू चकचकीत करून, नवा बोल्ट लावून, वर ग्रीस फासली की कित्येक ट्रकचं प्रेशर जागेवर येतं. रिलेच्या पायाखालचं तपकिरी पडलेलं प्लास्टिक, करपलेला फ्यूज, जुन्या मालकानं ट्रेलरच्या लाइटसाठी मारलेले टॅप हेही पाहा. अल्टरनेटर पूर्ण रेसमध्ये किती व्होल्ट देतोय तेही त्याच फेरीत टिपून घ्या. पंपाचं व्होल्टेज उतरलं की त्याचा प्रवाह भराभर उतरतो.

क्लॅम्प मीटर असेल तर करंटही बघा. प्रेशर कमी आणि करंट जास्त, तर पंप कशाविरुद्ध तरी झगडतोय : चोंदलेला फिल्टर, दबलेली लाइन. प्रेशर कमी आणि करंटही कमी, तर व्होल्टेज पोचत नाही किंवा पंपाचे ब्रश आणि चाक झिजलेत.

२००४ ते २००८ च्या एफ-१५० मध्ये ड्रायव्हर मॉड्यूलचं काय दुखणं आहे?

हे मॉड्यूल मागे, स्टेपनीच्या वर, चासीच्या आडव्या पट्टीवर बसवलेलं आहे. त्याची पाठ अ‍ॅल्युमिनियमची, पट्टी लोखंडाची, आणि दोन्ही एकमेकींना टेकलेल्या. त्यात रस्त्यावरचं पाणी आणि हिवाळ्यातलं मीठ शिरलं की अ‍ॅल्युमिनियम आधी खाल्लं जातं. मिशिगन, ओहायो, न्यू जर्सी अशा मीठ पसरणाऱ्या राज्यांत राहिलेला ट्रक असेल तर तपासणीची सुरुवात मी इथूनच करतो.

स्टेपनी खाली उतरवा आणि टॉर्च घेऊन झोपून बघा. चांगलं मॉड्यूल सपाट आणि कोरडं दिसतं. खराब झालेल्याच्या कडेनं पांढरी पूड बाहेर आलेली असते. सोडवून उलटं केलं की पाठीवर पापुद्रे सुटलेले दिसतात, बोटानं दाबलं तर कुरकुरीत लागतात, आणि एखाद्या जागी भोक पडून आतला सर्किट बोर्डच दिसतो. पाणी थेट तिथे शिरतं. ट्रक मग कधी सुरू होतो, कधी होत नाही. पी१२३३ किंवा पी१२३७ असे कोड येतात. किंवा काहीच कोड न येता लोडवर पंप दमतो.

नवीन मॉड्यूल बसवताना ते पट्टीला पुन्हा चिकटवू नका. सुधारित भागांबरोबर मध्ये अंतर ठेवणारे स्पेसर येतात, ते वापरा. कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या असतील तर नुसतं मॉड्यूल बदलून उपयोग नाही, कनेक्टरही बदला.

गेजवर प्रेशर ठीक, तरी पंप कमी पडू शकतो का?

प्रेशर आणि प्रवाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गॅरेजमधला जुना ठोकताळा असा की ३० सेकंदांत अर्धा लिटर पेट्रोल आलं की पंप पास. साध्या ट्रकसाठी तो ठीक आहे. सुपरचार्जरवाल्यासाठी हिशेब करून बघू. अशा इंजिनाला दर हॉर्सपॉवरला तासाला साधारण ०.६२ पाउंड पेट्रोल लागतं. ४०० हॉर्सपॉवर असेल तर २४८ पाउंड, म्हणजे तासाला १५० लिटरच्या थोडं वर. ३० सेकंदांत ते सव्वा लिटर होतं. अर्धा लिटरवर पास झालेला पंप इथे निम्म्याहून कमी पुरवतोय.

लाइटनिंग १९९९-२००० मध्ये ३६० आणि २००१ पासून ३८० हॉर्सपॉवरची होती, आणि टाकीत दोन पंप देण्याचं कारण याच हिशेबात आहे. दोनपैकी एक पंप गप्प झाला तर गावात चालवताना पत्ताही लागत नाही. प्रवाह मोजताना दोघांना वेगवेगळं चालवून मोजा.

फिल्टर आणि टाकी?

फिल्टर आधी बदला, स्वस्त आहे. जुना कापून उघडा. आत लालसर गंज किंवा काळी पूड असेल तर टाकीतही तेच आहे. पाव टाकीच्या खाली पेट्रोल असताना पूर्ण रेस द्यायची नाही, कारण वेग घेताना पेट्रोल मागे सरकतं आणि पंपाचं तोंड उघडं पडू शकतं.

गाडी बंद केल्यावर प्रेशर लगेच शून्यावर येतं. हाच दोष का?

हा निराळा दोष आहे, पूर्ण रेसच्या उपाशीपणाशी त्याचा संबंध असेलच असं नाही. पंपातला चेक व्हॉल्व्ह, गळका इंजेक्टर किंवा रेग्युलेटर, यांपैकी कुठून तरी प्रेशर सुटतंय. याचा त्रास सकाळी स्टार्टर लांबवर मारण्यात दिसतो. लाइन चिमटून दोष शोधण्याची जुनी पद्धत फक्त रबरी नळीवर वापरा. नायलॉनची लाइन चिमटली की चिरते.

मोठा पंप किंवा व्होल्टेज वाढवणारा डबा लावून टाकू का?

कारण सापडल्यावर जरूर. सगळं निरोगी असून हॉर्सपॉवर वाढवल्यामुळे पंप अपुरा पडत असेल तर दोन्ही उपाय खरे आहेत. केन बेलच्या बूस्ट-अ-पंपसारखा डबा बूस्टच्या वेळी पंपाचं व्होल्टेज वाढवतो आणि लाइटनिंगवाल्यांत तो चांगलाच रुळलेला आहे. पण कुजलेल्या अर्थिंगवर असा डबा लावला की खराब जोडातून जास्त करंट जातो आणि जोड तापतो. मोठ्या पंपाचंही तेच : जुन्या बारीक तारेवर तो उपाशीच राहतो.

इंजेक्टरचाही हिशेब करा. लाइटनिंगचे मूळ इंजेक्टर तासाला ४२ पाउंडचे. आठ इंजेक्टर ८० टक्के ड्यूटीवर (म्हणजे ८० टक्के वेळ उघडे) धरले तर वरच्याच ०.६२ च्या दरानं सुमारे ४३० हॉर्सपॉवरपर्यंत पुरतात. त्यापुढे प्रेशर कितीही शाबूत असलं तरी मिश्रण लीन होणारच.

ई८५ टाकलं तर?

ई८५ म्हणजे ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. सारख्याच ताकदीला ते साधारण ३० टक्के जास्त लागतं. ज्याचं पेट्रोलवर प्रेशर पडतंय त्यानं तो विचार सध्या बाजूला ठेवावा.

गॅरेजवाला न मोजताच पंप बदलायला सांगतो. काय विचारू?

तीन आकडे मागा : पूर्ण रेसमधलं रेल प्रेशर, त्याच क्षणीचं पंपावरचं व्होल्टेज, आणि पंपाचा प्रवाह. हे आकडे देणारा माणूस पंप बदला म्हणत असेल तर बिनधास्त बदलून घ्या. आकडे नसतील तर टाकी उतरवण्याची मजुरी तुम्ही अंदाजासाठी मोजताय. चांगल्या मेकॅनिकला या प्रश्नाचा राग येत नाही.

डायरेक्ट इंजेक्शनच्या नव्या ट्रकला हे लागू आहे का?

टाकीपासून इंजिनापर्यंतची बाजू, हो. त्यापुढे इंजिनावरचा दुसरा पंप प्रेशर २,००० पीएसआयच्या वर नेतो. २०१४ नंतरच्या सिल्व्हराडोची व्ही-८ इंजिनं अशी आहेत, आणि २०१८ पासूनच्या ५.० लिटर एफ-१५० मध्ये पोर्ट आणि डायरेक्ट दोन्ही आहेत. त्या बाजूचा सांधा घरी सैल करू नका, तिथलं प्रेशर स्कॅनरवरच वाचा. पी००८७ आला तर आधी टाकीकडची बाजू तपासा. खालून पुरवठा कमी आला की वरचा पंप विनाकारण दोषी ठरतो.

भारतात माझ्याकडे बोलेरो पिकअप आहे, भावाकडे हायलक्स. हीच पद्धत वापरू का?

नाही. त्या टर्बो डिझेल गाड्या आहेत आणि त्यांच्या कॉमन रेलमधलं प्रेशर हजार बारच्या वर जातं. सुरू इंजिनात इंजेक्टरची लाइन सैल करून बघण्याची जुनी सवय तिथे जिवावर बेतू शकते. डिझेलची धार कातडीतून आत शिरते, जखम टाचणीएवढी दिसते आणि आतून हात सडतो. असं झालं तर दुखत नसलं तरी तडक हॉस्पिटल गाठा. फिल्टर, त्यातलं पाणी आणि टाकीकडून येणाऱ्या नळीत शिरणारी हवा एवढं स्वतः पाहावं, बाकीचं स्कॅनर असलेल्या माणसाकडे द्यावं.

दुरुस्ती झाली हे कधी मानायचं?

जिथे दुखणं दिसलं होतं तिथेच तपासायचं : तोच गिअर, तेच आरपीएम, तितकाच बूस्ट, इंजिन पूर्ण गरम. पहिल्या फेरीत अर्धा बूस्ट, वाइडबँड ठीक असेल तरच पूर्ण. प्रेशर बूस्टच्या बरोबरीनं चढून वरच्या आरपीएमपर्यंत टिकलं पाहिजे. एकदा टिकलं म्हणून गेज काढू नका. टाकीतलं पेट्रोल गरम झालं की काही पंप पुन्हा दम टाकतात, आणि टेक्सासच्या ऑगस्टमध्ये दुपारी हे हमखास दिसतं. म्हणून थंड सकाळी एक फेरी आणि तासभर हायवेवर चालवून आल्यावर तपत्या दुपारी दुसरी, अशा दोन्हींचे आकडे लिहून ठेवा. ते मिळतेजुळते असतील तर गेज काढायला हरकत नाही.